डोकं गरम, गळा गोड!

कर्जत म्हटलं की काय आठवतं? स्टेशनवरचा दिवाडकरांचा बटाटेवडा, वीकेंडची फार्महाउसं आणि घाट चढायच्या आधी गाडीला मागून ढकलायला लागणारी इंजिनं. खालापूर म्हटलं की? टोलनाका, टोलनाका आणि टोलनाका! फार तर महडचा वरदविनायक आणि पावसाळ्यात खोपोलीचा झेनिथ धबधबा.

आता या यादीत एक भिडू वाढवा. व्हॉल्व्ह!

नळाचा नव्हे हो. काचेचा. बोटाएवढा, पोटात केशरी निखारा जपणारा. आजोबांच्या रेडिओत होता तोच. आजही जगभरचे गिटारवाले ज्याच्यापायी खिसा रिकामा करतात तोच.

किस्सा असा झाला. कर्जतच्या दहिवलीतल्या एका मित्राच्या घरी माळा आवरताना एक लोखंडी पेटी खाली उतरवली. उतरवली कसली, दोघांनी मिळून पाडली नाही एवढंच. आधी वाटलं, गिरणीचा स्टार्टर असेल. मग बेकलाइटचे नॉब दिसले, मागची जाळी दिसली, आणि जाळीत काचेच्या पाच बाटल्या. मित्राचे काका झोपाळ्यावरूनच ओरडले, "अरे, हा आपल्या बेंजोचा अ‍ॅम्प्लिफायर! याच्यावर अख्ख्या आळीच्या हळदी वाजल्यात!"

झालं. आमच्या दृष्टीनं हाच अस्सल रायगडी गिटार अ‍ॅम्प. तारा त्याच, त्यांची थरथर पकडणारा पिकअप तोच, व्हॉल्व्ह तेच. फक्त पुढे लेदर जॅकेटवाला रॉकस्टार नाही, हळद लावलेला नवरदेव!

माहीत आहे का? आपला हा बेंजो मुळात जपानी आहे! 1912मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसानं टाइपरायटरसारखी बटणं तारांवर बसवली आणि ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून हे नाव. हिंदुस्थानात ते बुलबुलतरंग झालं, मग कुणीतरी त्याला पिकअप चिकटवला आणि ते थेट मांडवात शिरलं. ढोलकीसारख्या गोल पोटाच्या अमेरिकन बँजोशी त्याचं काडीचंही नातं नाही. नाव तेवढं उसनं घेतलंय, परत करायचा विचार नाही.

मग काय, लावायचा प्लग?

थांबा! हात मागे! पूर्वी एकदा आम्ही घरच्याच जुन्या रेडिओला असा उत्साहात प्लग लावला होता. ‘फट्’ असा आवाज, पांढरा धूर आणि आईची शिवी, तिन्ही एकाच सेकंदात मिळाले. त्यामुळे या खेपेला खोपोलीच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिक काकांना फोन केला. काका आले ते हातात एक लाकडी फळी घेऊन. फळीवर होल्डर, होल्डरला 60 वॅटचा पिवळा बल्ब, शेजारी एक सॉकेट. बस्स.

यालाच म्हणतात सिरीज बोर्ड. जगातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शहाणं टेस्टिंग मशीन! मशीनला जाणारी वीज आधी बल्बमधून जाते. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. तुमच्या घरातला एलईडी इथे कामाचा नाही बरं का. तारेचाच बल्ब हवा.

पण त्याच्याही आधी झाकण उघडायचं. आणि झाकणाखाली काय? एक आख्खं अभयारण्य! ट्रान्सफॉर्मरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं टू-बीएचके बांधलेलं. वायरींवर उंदराचे दात. विजेच्या दोन टोकांच्या मधोमध एक पाल, वाळून पापड झालेली. बिचारीनं बहुतेक शेवटची हळद पाहिली असावी. स्पीकरच्या कागदी कोनला झुरळांनी नाजूक जाळीकाम केलेलं. आणि सगळ्यावर कर्जतच्या कित्येक पावसाळ्यांची बुरशी, पिस्ता शेडमध्ये.

"व्हॉल्व्ह बघा आधी," काका म्हणाले. पाचही धड होते. आणि काचेवर पुसट अक्षरं, बीईएल!

माहीत आहे का? रडार आणि क्षेपणास्त्र यंत्रणांसाठी ओळखली जाणारी संरक्षण खात्याची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी एके काळी घरगुती रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. स्थापना 1954, बंगळूर. म्हणजे जी कंपनी सीमेवर शत्रूचा कानोसा घेते, तिनंच आपल्या आजीला श्रुतिका ऐकवल्या.

व्हॉल्व्हच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो, पाहिलाय? ती डिझाइन नाही. तो बेरियमचा मुलामा. आत चुकून राहिलेला हवेचा कण न् कण गिळण्यासाठी मुद्दाम ठेवलेला पहारेकरी. काचेला तडा गेला आणि हवा शिरली की हा डाग दुधासारखा पांढरा पडतो. म्हणजे हवा शिरली का, हे बघायला मीटर नको, मेकॅनिक नको. कपाळ चंदेरी तर आशा आहे, कपाळ पांढरं तर राम नाम सत्य!

आमचे पाचही चंदेरी. टाळ्या!

आता कोडवर्ड. आमच्या अ‍ॅम्पात दोन ईसीसी83, दोन ईएल84 आणि एक ईझेड81. लॉटरीचे नंबर वाटतात ना? अजिबात नाही, ही अख्खी कुंडली आहे! ‘ई’ म्हणजे हीटरला 6.3 व्होल्ट द्या. ‘सी’ म्हणजे ट्रायोड. दोन ‘सी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, जुळी भावंडं. ‘एल’ म्हणजे पॉवरवाला पेंटोड, आवाजात दम भरणारा पैलवान. ‘झेड’ म्हणजे एसीची डीसी करणारा. आणि 8पासून सुरू होणारा आकडा म्हणजे बुडाला 9 पिना. कर्जतच्या भात संशोधन केंद्रानं तांदळाला ‘कर्जत-3’ नाव दिलं, तेव्हा आपण कुठे विचारलं, 3 का म्हणून? इथे मात्र प्रत्येक अक्षराला उत्तर आहे.

गंमत म्हणजे हाच ईसीसी83 अमेरिकेत गेला की 12एएक्स7 होतो. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, मुलगी एकच.

आणि ‘व्हॉल्व्ह’ की ‘ट्यूब’? इंग्लंडवाले व्हॉल्व्ह म्हणतात, कारण पाण्याच्या व्हॉल्व्हसारखा तो विजेला एकाच दिशेनं जाऊ देतो. अमेरिकावाले ट्यूब म्हणतात, कारण ती दिसते तशी. आपण इंग्रजांच्या हाताखाली होतो, म्हणून व्हॉल्व्ह. अमेरिकेच्या हाताखाली असतो तर ट्यूब पेटली असती!

एक्स्प्रेस-वे, पण ट्रॅफिक नसलेला

व्हॉल्व्हच्या आत नेमकं होतं काय? मधली नळी तापते, तापल्यावर तिच्यातून इलेक्ट्रॉन उडतात आणि बाहेरच्या प्लेटकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. गिटारचा किंवा बेंजोचा इवलासा सिग्नल त्या जाळीवर येतो आणि इलेक्ट्रॉनच्या लोंढ्याला ‘थांब’, ‘जा’ करतो. सिग्नल एवढासा, लोंढा एवढा. टोलनाक्यावरचा दांडा आठवा. दांडा हलका, पण त्याच्या वरखाली होण्यावर अख्खी रांग नाचते!

वेग किती? प्लेटवर 250 व्होल्ट असतील, तर तिथे पोचेपर्यंत इलेक्ट्रॉनचा वेग होतो सेकंदाला सुमारे 9,400 किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेची लांबी 94.5 किलोमीटर. म्हणजे या वेगानं अख्खा एक्स्प्रेस-वे सेकंदाच्या शंभराव्या भागात पार! खंडाळ्याच्या वळणावर कंटेनर उलटलेला नसेल, तर.

आणि या सगळ्या थाटामाटातून आवाज किती? जेमतेम 15 वॅट! उलट पाचही व्हॉल्व्हचे नुसते हीटर गरम ठेवायलाच सुमारे 20 वॅट जातात. गाण्यापेक्षा गळा शेकण्यावरच खर्च जास्त. बुजुर्ग गवय्यांसारखंच की!

पाणी आमचं, आवाज मुंबईचा

आता आमचा सगळ्यात लाडका किस्सा. नीट वाचा, कारण हा कर्जत-खालापूरकरांनी कॉलर ताठ करून सांगायचा आहे.

मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं 23 जुलै 1927ला. घराघरात व्हॉल्व्ह पेटायला लागले. कशावर? वीज कुठली? माहीत आहे का? मुख्यतः आपल्याकडची! टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं 1915मध्ये, तालुका खालापूर. दुसरं भिवपुरीचं, 1922मध्ये, तालुका कर्जत. ट्रॉम्बेचं कोळशा-तेलावरचं केंद्र यायला पुढे 1956 उजाडलं. तोवर मुंबईच्या चाळीत बसून कुणी रेडिओचा कान पिळला, की पिळला जायचा सह्याद्री!

लोणावळ्याच्या वरच्या तलावांतलं पाणी पाइपांतून खोपोलीत उतरतं सुमारे 500 मीटर. आयफेल टॉवर 330 मीटरचा. त्याच्या डोक्यावर अजून अर्धा आयफेल ठेवा आणि तिथून पाणी ओता. एवढा मोठा नळ. आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला बोटाएवढा व्हॉल्व्ह!

देशातलं पहिलं जलविद्युत केंद्र खोपोलीचं, असं कुणी सांगितलं तर मात्र मान डोलावू नका. दार्जिलिंगचं 1897चं आहे. आपलं कौतुक आपण करावं, पण दुसऱ्याचं बिल आपल्या नावावर फाडू नये.

भिवपुरीचं वीजकेंद्र बांधणाऱ्या कंपनीचं नाव होतं ‘आंध्रा व्हॅली’. हैदराबादचा काही संबंध? शून्य! मावळातल्या आंद्रा नदीवरून ते नाव पडलं. आणि वीज करून झाल्यावर हे पाणी संपत नाही. खोपोलीचं पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं उल्हास नदीत. कर्जतमध्ये त्यावर राजनाल्याच्या काठी उन्हाळी भातही पिकतो. एकच पाणी. आधी मुंबईत गातं, मग कर्जतमध्ये शिजतं.

जरा गंभीर होऊ या, एक परिच्छेदभर. ही वीज फुकट आली नाही. टाटांच्या पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. 1921मध्ये सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह उभा केला. धरण झालंच. रेडिओच्या, स्टेशन नीट लागलं का ते सांगणाऱ्या, हिरव्या डोळ्यात बघताना कधी कधी हेही आठवावं.

आता 1942. ‘भारत छोडो’. मुंबईत 22 वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे साथीदार एक गुप्त रेडिओ चालवत होते, काँग्रेस रेडिओ. ऑगस्टअखेरीस सुरू झाला, 12 नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडली. तोवर पोलीस हुंगत यायच्या आत बिऱ्हाड बदलत राहायचं. ट्रान्समीटर अर्थातच व्हॉल्व्हचा. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्या भागात भाई कोतवालांचा आझाद दस्ता काय करत होता? मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडत होता! एका टोकाला क्रांतिकारक व्हॉल्व्ह पेटवतायत, दुसऱ्या टोकाला क्रांतिकारक त्याच शहराची वीज तोडतायत. शत्रू एक, आघाड्या दोन, तार तीच. माथेरानचे वकील भाई कोतवाल 2 जानेवारी 1943ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. 2020मध्ये त्यांच्यावर मराठी चित्रपटही आला.

काँग्रेस रेडिओच्या खटल्यात ‘शिकागो रेडिओ’चे नानिक मोटवाने हेही आरोपी होते, पुढे ते सुटले. शिकागो? अमेरिकन? छे! कंपनी आपल्या मुंबईची. गांधीजी-नेहरूंच्या सभांचे जुने फोटो काढून बघा. माइकसमोर पाटी दिसेल, शिकागो रेडिओ. देशाच्या पुढाऱ्यांचा आवाज मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला तो व्हॉल्व्हनी आणि त्या भल्यामोठ्या कर्ण्यांनी.

येड्यांचा बाजार

व्हॉल्व्हच्या जन्माची कथा म्हणजे फुल्ल टू कॉमेडी. एडिसनला 1880च्या दशकात बल्बमध्ये ही इलेक्ट्रॉनची उडी दिसली. त्यानं पेटंट घेतलं आणि विसरून गेला! 1904मध्ये इंग्लंडच्या फ्लेमिंगनं त्यातून पहिला व्हॉल्व्ह काढला. 1906मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टनं त्यात ती जाळी घातली आणि अ‍ॅम्प्लिफायरचा रस्ता मोकळा झाला. पण हे यंत्र चालतं कसं, हे त्याला स्वतःलाच धड कळलेलं नव्हतं. 1913मध्ये त्याच्यावर शेअर्सच्या फसवणुकीचा खटला भरला, आणि सरकारी पक्षानं काय म्हणावं? हे यंत्र कवडीमोलाचं आहे! तो निर्दोष सुटला, यंत्रानं जग बदललं.

लिओ फेंडर माहीत आहे का? जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटारी आणि गिटार अ‍ॅम्प बनवणारा माणूस. मूळचा हिशेबनीस, मग 1938मध्ये कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आणि गिटार? वाजवता येत नव्हती! आयुष्यभर नाही. आचारी उपाशी, पंगत तृप्त.

दुसरा महाभाग जिम मार्शल. लंडनचा ड्रमर. गिटारवाल्यांनी गळ घातली, म्हणून त्याच्या दुकानात फेंडरच्याच एका अ‍ॅम्पाच्या सर्किटवरून पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला, 1962मध्ये. नाव जेटीएम45. जे म्हणजे जिम, टी म्हणजे मुलगा टेरी. दुकानावर ‘आणि सन्स’ लिहितात, यांनी अ‍ॅम्पावर लिहिलं. म्हणजे हिशेबनिसाचं डिझाइन, ड्रमरची कॉपी, आणि त्यावर अख्खं रॉक म्युझिक उभं!

इकडे काका आमच्या स्पीकरच्या फाटक्या कोनला पतंगाचा कागद आणि पातळ फेव्हिकॉल लावत होते. बोटाच्या टोकानं, बाळाला तीट लावावी तसं. आणि आम्हाला आठवला लिंक रे. या अमेरिकन गिटारवाल्यानं 1958मध्ये ‘रंबल’ या ट्यूनसाठी स्पीकरला मुद्दाम पेन्सिलीनं भोकं पाडली! आवाज फाटका, गुरगुरता, दादागिरीचा हवा होता म्हणून. अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी त्या ट्यूनवर बंदी घातली. कारण? पोरं बिघडतील. अहो, पण त्यात एक शब्द नव्हता! नुसती वाद्यं! शब्दाविना बंदी घालून घेणं, याला म्हणतात टॅलेंट.

1964मध्ये इंग्लंडच्या ‘द किंक्स’ बँडच्या डेव्ह डेव्हिसनं पेन्सिलीऐवजी ब्लेड वापरलं. काकांना हे सांगितलं. काका कागद चिकटवता चिकटवता म्हणाले, "झुरळं सोडायची होती की. फुकटात झालं असतं."

व्हॉल्व्हच्या प्रेमाचं खरं कारण हेच. आवाज जास्त झाला की ट्रान्झिस्टर कात्रीनं कापल्यासारखा फाटतो. व्हॉल्व्ह मात्र हळूहळू, गोलाईनं फाटतो, आणि तो फाटका आवाज कानाला गोड लागतो. इंजिनियरच्या वहीत ज्याला ‘दोष’ म्हणतात, त्याला गिटारवाल्यांनी ‘टोन’ म्हटलं आणि त्याचे पैसे मोजले.

मोठ्या आवाजाचं निघालंच आहे तर ऐका. 1972मधल्या लंडनच्या एका कार्यक्रमात ‘डीप पर्पल’ बँडचा आवाज 117 डेसिबल भरला आणि गिनीज बुकात गेला. आपल्याकडे रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. विसर्जनाच्या दिवशी कर्जत बाजारपेठेत गिनीजवाल्यांना बोलवा असं आम्ही म्हणत नाही. म्हटलं तर ऐकू कुणाला येणार?

आणि ही तर आपल्या घरची गोष्ट. 1954च्या ‘नागिन’ सिनेमातली ती बीन, जी ऐकून थिएटरात नाग येतात अशा अफवा पसरायच्या, ती बीन नव्हतीच! कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजीतले कल्याणजी, यांनी ती वाजवली होती क्लॅव्हिओलाइनवर. क्लॅव्हिओलाइन म्हणजे चक्क व्हॉल्व्हवर चालणारा छोटा कीबोर्ड. डुलला असेल एखादा नाग, तर तो पुंगीवर नाही, इलेक्ट्रॉनिक्सवर!

व्हॉल्व्ह कुठे कुठे?

रेडिओत आणि गाण्यातच? माहीत आहे का? कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये 1960मध्ये सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या भारतीय बनावटीच्या कॉम्प्युटरमध्ये 2,700 व्हॉल्व्ह होते. तुमच्या खिशातल्या फोनला हे सांगू नका, हसेल.

1976मध्ये सोव्हिएत पायलट व्हिक्टर बेलेंको मिग-25 घेऊन जपानमध्ये पळाला. अमेरिकनांनी ते सुपरफास्ट विमान उघडलं आणि आत काय? व्हॉल्व्ह!

आणि तुमच्या स्वयंपाकघरात? मायक्रोवेव्ह असेल तर व्हॉल्व्ह आहे. त्यातला मॅग्नेट्रॉन हा व्हॉल्व्हचाच सख्खा भाऊ. काल उरलेला पुलाव तुम्ही व्हॉल्व्हवर गरम केलात, अभिनंदन!

नवे व्हॉल्व्ह आजही बनतात, मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. 2022मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं, रशियातून निर्यात अडकली आणि जगभरच्या गिटारवाल्यांची पळापळ झाली.

आमच्या अ‍ॅम्पाला सुदैवानं व्हॉल्व्ह लागले नाहीत. लागले ते कंडेन्सर. व्हॉल्व्ह म्हातारे होतात ते सावकाश. कंडेन्सर मात्र पडून पडून वाळतात, फुगतात, गळतात. त्यातही सगळ्यात बदमाश म्हणजे दोन व्हॉल्व्हच्या मधला मेणकागदाचा कंडेन्सर. तो गळका निघाला की पुढच्या ईएल84च्या जाळीवर भलताच व्होल्टेज जातो, आणि बिचाऱ्याची प्लेट लोहाराच्या भट्टीतल्या सळईसारखी लालबुंद होते. व्हॉल्व्ह केशरी दिसला तर छान. काचेच्या कडेला निळसर झाक दिसली तरी घाबरू नका, बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. पण प्लेट लाल? पळा, बटण बंद करा!

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड. एका जुन्या गव्हर्नरच्या नावाचा हा रस्ता, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. आणि एवढ्या वर्षांत रिक्षा-टॅक्सीवाल्याला भडकमकर मार्ग सांगून पोचलेला माणूस आम्हाला अजून भेटायचाय! चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या कंडेन्सरपेक्षा नवा एक चतुर्थांश आकाराचा. जुन्या रेझिस्टन्सचे रंगपट्टे वाचायचा तो अमर मंत्रही काकांना पाठ होता, ‘बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन’वाला. आयटीआयच्या कित्येक बॅचना हे बी. बी. रॉय कुणी बंगाली बाबू वाटत आले आहेत. ते ब्लॅक, ब्राऊन, रेड, ऑरेंज, यलो निघाले, तेव्हा काहींना वाईट वाटलं.

काकांचा एक नियम मात्र विनोदाचा नाही. काम करताना डावा हात खिशात! या पेटीत 300 व्होल्टच्या वर डीसी असते. एका हातातून शिरलेली वीज दुसऱ्या हातानं बाहेर पडली, तर वाटेत हृदय लागतं. आणि प्लग काढला म्हणजे संपलं असं नाही. कंडेन्सर वीज धरून बसतो, पाहुणा गेल्यावरही अंगणात रेंगाळावा तसा. आधी मोठ्या रेझिस्टन्समधून त्याची वीज उतरवायची, मीटर लावून शून्य बघायचा, मगच हात घालायचा.

तिसऱ्या रविवारी सोल्डरचे डाग देऊन झाले, कंडेन्सर बसले, पालीचं विसर्जन झालं. सिरीज बोर्ड लावला. बल्ब उजळला, मंद झाला. शाब्बास! मग डिमरस्टॅटवर व्होल्टेज हळूहळू चढवला. 100. 150. 200. पाचही काचांत केशरी दिवे. आवाज? काहीच नाही. व्हॉल्व्हला घाई चालत नाही, गरम व्हायला अर्धं मिनिट लागतं. काकूंनी तेवढ्यात चहा ओतला.

आणि मग... घूंऽऽऽ!

कर्जतला या आवाजाची सवय आहे म्हणा. एके काळी घाटात चालणारं ते जुनं विजेचं इंजिन असंच कण्हायचं, आणि मधून वाकायचं. म्हणून रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं खेकडा. आमचा खेकडा एक अर्थिंगची वायर बदलल्यावर गप्प झाला. काकांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं प्रत्येक व्हॉल्व्हवर टकटक केली. एक ईसीसी83 स्पीकरमधून घंटेसारखा वाजला. आतले पत्रे सैल झाले की असं होतं. आम्ही म्हटलं, बदलू या? काका म्हणाले, "राहू दे. बेंजोला तोच शोभतो."

पिन खोचली. मित्राच्या काकांनी झोपाळा सोडला, बोटं मोडली, आणि बटणांवर ठेवली. दोन घरं पलीकडून कुणीतरी ओरडून विचारलं, "कुणाची हळद आहे रे?"

तर मंडळी, गौरी-गणपतीची साफसफाई येतेय. माळ्यावर अशी जड पेटी सापडली तर भंगारवाल्याला हाक मारू नका आणि प्लगही लावू नका. मागच्या जाळीतून व्हॉल्व्हचे फोटो काढा, कपाळं चंदेरी आहेत का बघा, आणि गावातला जुना रेडिओ मेकॅनिक गाठा. आणि हो, घरात 60 वॅटचा एखादा पिवळा बल्ब उरला असेल, तर तो अजिबात टाकू नका. लागणार आहे!